आईची करमाफी आणि काकूची पोटदुखी

माझी मोठी काकू सोफ्याच्या गाद्या बसवायची. नुसतं कापड बदलून द्यायची असं नाही. जुनी खुर्ची दुकानात आली की ती आधी खुर्ची पालथी घालायची, खालचं तागाचं फडकं टराटरा ओढून काढायची, आत कोपरापर्यंत हात घालून स्प्रिंगा एकेक करून दाबून बघायची आणि मग गिऱ्हाइकाकडे न बघताच म्हणायची, "घरात कोणीतरी कायम डाव्या हाताला रेलून बसतं, नाही का?" बसत असायचंच कोणीतरी. गिऱ्हाईक चकित व्हायचं आणि पुढे बसलेले काका लगेच म्हणायचे, "आमच्या दुकानात खुर्ची बोलते, साहेब!" खुर्ची काकूशी बोललेली असायची, पण श्रेय दुकानाला, आणि दुकान काकांच्या नावावर.

ते दुकान मूळ माझ्या आजोबांचं. काकू लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. आजोबांनी एकदा तिला पट्ट्यापट्ट्यांचं कापड कापताना पाहिलं. पाठीवरची पट्टी बैठकीवरच्या पट्टीला तिनं अशी जुळवली होती, की जोड कुठे आहे ते त्यांनाही पटकन सापडेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात दाभण दिला. पंचवीस वर्षं तो तिच्या हातातून सुटला नाही. तिच्या उजव्या तर्जनीच्या पेराला असा घट्टा पडला होता, की चहाचा गरम कप ती त्याच पेरावर तोलून धरायची.

आजोबा गेले आणि कागदावर दुकान थोरल्या मुलाचं, म्हणजे काकांचं झालं. काका माणूस लाघवी. गिऱ्हाइकाला चहा पाजणं, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करणं, भाव सांगताना आवाज हळू करणं, हे त्यांना फार छान जमायचं. फोम आणि काथ्या यांतला फरक मात्र त्यांनी बोट लावून सांगितला असता तर मी पैज हरले असते. माझे बाबा धाकटे. ते एका फर्निचरच्या कंपनीत मालाची गाडी चालवायचे. कायमची नोकरी, वेळेवर पगार, आणि एक नियम: कामगारानं स्वतःचा धंदा करायचा नाही.

राहता राहिली माझी आई. मी शाळेत जायला लागले आणि आईला दिवसभर घर खायला उठायचं. काकूच म्हणाली, "माझ्याबरोबर येऊन बस. हाताला काम राहील." आई गेली. तीन वर्षं ती काकूच्या उजव्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसली. गादीखालचे आधाराचे पट्टे किती ताणायचे, कोपऱ्याची घडी कशी दडवायची, बटण ओढताना दोरा का तुटतो, सगळं काकूनं शिकवलं. "शिकवताना ताईंनी कधी हात राखला नाही," हे आई आजही सांगते. काकूही सांगते, फक्त तिच्या सांगण्यात सूर वेगळा असतो.

तीन वर्षांनी आई एके दुपारी म्हणाली, "ताई, कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झालाय. मी स्वतःचं काही सुरू करावं म्हणते."

"कर की," काकू म्हणाली. "मला काय!"

त्या दुपारी काकूनं एका खुर्चीत खिळे मारताना अकरा खिळे वाकडे केले. अकरा हा आकडा तिनंच मला सांगितला. तोपर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून एवढे वाकडे झाले नव्हते, म्हणे.

आईचं दुकान काकूच्या दुकानापासून सहा गाळे पुढे, त्याच रस्त्यावर. बाबांना नोकरीमुळे धंदा करता येत नव्हता, म्हणून ते आईच्या नावावर निघालं. आई नोंदणीसाठी कर कार्यालयात गेली, तर खिडकीवरच्या कारकुनानं तिला सहज विचारलं, "बाई, सवलतीचा अर्ज जोडला नाहीत?" आईला काही माहीतच नव्हतं. राज्यानं त्याच वर्षी छोट्या व्यावसायिकांसाठी सवलती काढल्या होत्या. धंदा नवा असेल, बाईच्या नावावर असेल, लहान असेल आणि मुख्य म्हणजे ती बाई स्वतः तो चालवत असेल, तर पहिली पाच वर्षं राज्याचा कर माफ. शिवाय नवं यंत्र घेतलं तर किमतीचा काही भाग वजावट म्हणून मिळायचा, आणि ती वजावट माफी संपल्यावर वापरायला साठवूनही ठेवता यायची. आईनं तिथल्याच बाकावर बसून अर्ज भरला. महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. बाबांनी त्याला चौकट करून घेतली आणि दुकानात, आत शिरल्या शिरल्या नजरेत भरेल अशा जागी टांगली.

काकू दुकान बघायला गेली तेव्हा तिच्या नजरेत नेमकी तीच भरली. नवी फळी, नवा दिवा, कापडाचे उभे लावलेले गठ्ठे यांतलं काही तिला दिसलं नाही. तिनं चौकटीजवळ जाऊन सगळा मजकूर वाचला. तिसऱ्या ओळीत 'मालक' असं छापलेलं होतं आणि पुढे माझ्या आईचं नाव, आडनावासकट, टाइप केलेलं.

"बरं झालं हो," काकू म्हणाली. "पाच वर्षं माफी, आणि नंतर वजावट. म्हणजे तू कर भरणार तरी कधी?"

आई हसली. तिला ती थट्टा वाटली.

तेव्हापासून काकूचं स्वास्थ्य गेलं. भाजी आणायला जवळचा रस्ता होता, पण ती आईच्या दुकानावरून जायला लागली. जाताना आत किती खुर्च्या आहेत ते मोजायची, येताना पुन्हा मोजायची. येताना एखादी कमी दिसली तर तिला तेवढंच बरं वाटायचं. मग आठवायचं की कमी झाली म्हणजे काम होऊन गिऱ्हाईक घेऊन गेलं, आणि बरं वाटणं तिथेच संपायचं. आईनं हवेच्या दाबावर चालणारी पिन मारायची बंदूक घेतली, अर्थात वजावटीच्या भरवशावर. तिचा आवाज सहा गाळे ओलांडून काकूच्या कानावर यायचा. फट्, फट्, फट्. काकू इकडे तोंडात खिळे धरून एकेक हातोडीनं ठोकत असायची. ती एक खिळा मारेपर्यंत तिकडे आठ पिना बसलेल्या असायच्या.

"तिकडे काही काम नाही वाटतं आज," काका मुद्दाम म्हणायचे, आवाज येत असताना.

"तुम्ही गप्प बसा."

"अगं, तुला काय एवढं? आपलं दुकान चाललंय ना?"

दुकान चाललं होतं, पण मग एका चहाच्या मोठ्या हॉटेलाचं काम आलं. चोवीस खुर्च्या, सगळ्यांना लाल रेक्झिन. हॉटेलवाला आधी काकूकडे आला, कारण जुन्या खुर्च्या तिनंच केल्या होत्या. काकांनी भाव सांगितला. हॉटेलवाला म्हणाला, "कोपऱ्यावरच्या बाई कमीत करतात." काकांनी चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली, आवाज हळू केला, काही उपयोग झाला नाही. चोवीस खुर्च्या आईकडे गेल्या. टेम्पो काकूच्या दारासमोरूनच गेला. खुर्च्या उलट्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येक बैठकीच्या खाली काकूनं पूर्वी बसवलेलं तागाचं फडकं दिसत होतं.

"माझंच काम तिनं उसवलं," असं ती नंतर कितीतरी दिवस म्हणायची. वास्तविक ते उसवायलाच झालं होतं, नऊ वर्षं झाली होती त्याला. पण जळणाऱ्या माणसाला तारखा कोण सांगणार? जेवायला सगळे एकत्र बसले की काकू आईच्या दुकानाचं कौतुक करायची. "हिचा हात हलका ना, सरकारनं कर पण हलका केला." "आम्ही जुनी माणसं, आम्हाला कोण माफ करणार!" आई मान खाली घालून ताटातलं चिवडत राहायची. बाबा पाणी मागायचे.

काकूनं मला एकदा सरळच सांगितलं, "मला तिचे पैसे नको होते गं. माझ्या पोटात भलतंच दुखत होतं. तिनं तीन वर्षांत शिकलं ते तिचं, आणि मी पंचवीस वर्षं करतेय ते तुझ्या काकांचं. हे असं मी तेव्हा स्वतःला बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणत बसले की तिनं सरकारला फसवलंय."

हे म्हणणं तिच्या मनात इतकं पक्कं झालं, की एका सकाळी काकांना "जाड दोरा आणायला जाते" असं सांगून ती कर कार्यालयात गेली. तक्रार करायला.

तिथे तिला नंबराची चिठ्ठी मिळाली आणि दीड तास एका लांब बाकावर बसावं लागलं. बाकाची गादी फाटली होती, आतला फोम पिवळा पडून भुगा होत होता. काकूचा हात आपसूक त्या भोकात गेला. फळी आणि फोम यांच्यामध्ये पट्टेच नव्हते. "कोणी बसवलंय हे!" ती मोठ्यानं म्हणाली. शेजारी बसलेला माणूस जरा सरकून बसला.

तिचा नंबर आला. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचं म्हणणं, ही बाई फक्त कागदावर मालक आहे आणि धंदा नवरा चालवतो?"

"हो."

"तुमचं नाव गुप्त राहील. पण मी विचारते त्याची नीट उत्तरं द्या. काम कोण करतं?"

काकूला खोटं बोलायचं होतं. पण कामाच्या बाबतीत तिच्या तोंडून खोटं निघेना. "काम तीच करते," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकाला भाव कोण सांगतं?"

"तीच."

अधिकारी बाईंनी पेन थांबवलं. "मग नवरा काय करतो?"

"माल तो आणतो," काकू म्हणाली. "कापड, फोम, सगळं. पावत्यांवर सही त्याची असते. पैसा त्याच्या हातात."

हे पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच पुढे जास्त लागलं. बाबा कामावरून येताना घाऊक दुकानातून आईचा माल उचलून आणायचे आणि माल मिळाल्याची सही करायचे. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कोणत्या रंगाचं, हे सगळं आई ठरवायची आणि पैसेही तीच द्यायची. पुढचा भाग काकूनं गिळला आणि अर्जावर सही केली.

ती उठली तेव्हा अधिकारी बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

"आमच्या ह्यांचं दुकान आहे. मी आपली हात लावते."

बाईंची नजर तिच्या तर्जनीवरच्या घट्ट्यावर गेली. "तुम्ही आठवडाभर आजारी पडलात तर दुकान चालतं?"

"चालतं कसलं," काकू म्हणाली, "बंद राहतं," आणि बाहेर पडली. जाड दोरा आणायला ती विसरली.

दहा-बारा दिवसांनी आईच्या दुकानात तपासनीस आला. आई एका मोठ्या आरामखुर्चीच्या पोटात खांद्यापर्यंत शिरलेली होती. तिनं आतूनच "जरा थांबा" म्हटलं आणि सरकारला पाच मिनिटं उभं ठेवलं. तपासनीसानं कामाबद्दल काही आक्षेप घेतला नाही. पण मालाच्या पावत्या चाळल्या आणि सगळ्यांवर बाबांची सही. त्यानं त्या पावत्या नेल्या. आठवड्याभरात पत्र आलं: माफी स्थगित. धंदा खरोखर आपण चालवता हे एका महिन्यात सिद्ध करावं. न केल्यास पहिल्या दिवसापासूनचा कर दंडासकट वसूल केला जाईल. आणि खाली एक ओळ, की पतीच्या नोकरीच्या ठिकाणी विचारणा करण्यात येईल.

ती शेवटची ओळ काकूच्या हिशेबात नव्हती. कंपनीला कळलं की कामगार मागच्या दारानं दुकान चालवतो, तर बाबांची नोकरी गेली असती.

आई ते पत्र घेऊन धावत गेली ती थेट काकूकडे. दुसरं होतं कोण तिला? तिच्या हातात कापडाची बोटभर चिंधी होती, ती ती पिळत होती.

"ताई, कोणीतरी माझ्या वाईटावर आहे."

काकूनं आईला बसायला स्टूल सरकवलं. तेच बुटकं स्टूल.

"त्यांनी म्हटलंय, याच धंद्यातल्या माणसाचं लेखी आणा, ज्यानं तुमचं काम जवळून बघितलंय. ताई, तुम्ही मला शिकवलंत. तुमच्याइतकं जवळून कोणी बघितलंय? तुम्ही लिहून द्याल?"

काका पुढून म्हणाले, "अगं, देईल की! त्यात विचारायचं काय?"

काकू सांगते की त्या क्षणी तिला आईचा राग आला. आपण जिचं वाईट केलं तिनंच येऊन असं विश्वासानं समोर बसावं, याचा राग. आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे, आई रडत असतानाही तिच्या मनात आलं, 'हिच्यासाठी कोणीतरी लिहून देऊ शकतं. माझ्यासाठी लिहायची वेळ आली तर कोण देईल?' मत्सराला लाज नसते, तो अशा वेळीही जागा शोधतो.

तिनं लिहून दिलं. दोन दिवस लागले. चार कागद फाडले. शेवटी जे लिहिलं ते मी पाहिलं आहे, आईनं जपून ठेवलंय. त्यात आईची तीन वर्षं आहेत, तिनं पहिल्यांदा एकटीनं केलेली खुर्ची आहे, माल ती कसा निवडते ते आहे, आणि "तिचा नवरा फक्त गाडीतून माल आणतो, त्याला रंगसुद्धा कळत नाहीत" असंही आहे. "तिला हे काम मी शिकवलं" हे वाक्य त्यात तीनदा आलंय.

कागद स्वतः नेऊन द्यायचा होता. दोघी गेल्या. त्याच बाकावर बसल्या. टेबलापलीकडे त्याच बाई. त्यांनी निवेदन वाचलं, खालची सही बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली. मग आईला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. साक्षीदाराशी एकटीशी बोलावं लागतं."

आई बाहेर गेली. बाईंनी फायलीतून जुना अर्ज काढला आणि दोन्ही कागद काकूसमोर शेजारी शेजारी ठेवले.

"यातलं खरं कोणतं?"

"हे," काकू निवेदनावर बोट ठेवून म्हणाली.

"आणि हे?"

काकू म्हणाली, "माझ्या पोटात दुखत होतं, मॅडम."

"त्यासाठी अर्जात रकाना नाही," बाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. "खोट्या तक्रारीला दंड असतो, ठाऊक आहे? तुम्ही आत्ताच्या आत्ता लेखी मागे घेतलीत तर मी ताकीद देऊन सोडीन. आणि त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीला पत्र अजून गेलेलं नाही. ते जाणार नाही."

काकूनं तिथेच उभ्यानं लिहून दिलं. अक्षर खुर्चीखालच्या खिळ्यांसारखं वेडंवाकडं आलं. ती निघाली तशी बाईंनी ड्रॉवरमधून मालकाचं नाव बदलायचा एक छापील अर्ज काढून तिच्यापुढे केला. "हा घेऊन जा. आठवडाभर आजारी पडलात तर दुकान बंद राहतं म्हणालात ना? मग 'ह्यांचं' दुकान कसं, ते घरी विचारा."

बाहेर आईनं विचारलं, "एवढा वेळ काय विचारत होत्या?"

"शिवणीचं," काकू म्हणाली.

आईची माफी पंधरा दिवसांत परत सुरू झाली. काकूनं तो छापील अर्ज आठवडाभर कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवला. मग एका सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ती काकांना म्हणाली, "हे माझ्या नावावर करा."

"का? मी मेलोय का?"

"तुम्ही पुढे बसता, मी मागे. ठीक आहे. आजपासून मी पुढे बसते, तुम्ही मागे बसा. चालवा तुमचं दुकान."

काकांना ती गंमत वाटली. त्यांनी बाह्या दुमडल्या, तोंडात दोन खिळे धरले आणि एक गिळता गिळता वाचले. काकू पुढच्या खुर्चीत बसली, गिऱ्हाइकांना चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली. तिला ते बरं जमलं. तीन दिवसांत काकांनी दाताच्या डॉक्टरची एक खुर्ची पूर्ण केली. डॉक्टर स्वतः न्यायला आला, बसून बघितलं, तर खालून असा काही आवाज आला, की डॉक्टर ताडकन उठला आणि काकांकडे बघायला लागला. काकू खिडकीबाहेर बघत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी काका दाढी करून, धुतलेला शर्ट घालून म्हणाले, "चल. कुठे सही करायची ते दाखव."

त्यांना लागलं होतं. बरेच दिवस ते गिऱ्हाइकांना "मी इथला नोकर" असं सांगायचे, विनोदानं, पण हसायचे नाहीत. काकूनं ते मनावर घेतलं नाही. तिचं लक्ष दुसरीकडे होतं, कारण कार्यालयात तिला कळलं होतं की पाच वर्षांची माफी तिला मिळणारच नाही.

"मी तर आजच मालक झाले," ती म्हणाली होती.

"नाव नवं आहे, दुकान जुनं आहे," अधिकारी बाईंनी सांगितलं. "नियम दुकानाचं वय बघतो, तुमचं नाही. यंत्रावरची वजावट मात्र मिळेल."

वजावट मिळाली. काकूनं पिनांची बंदूक घेतली, आईच्या बंदुकीपेक्षा एक आकडा मोठी. आता दोन्ही टोकांकडून फट् फट् ऐकू यायचं. तिच्याही भिंतीवर प्रमाणपत्र लागलं, त्यात 'मालक' पुढे तिचं नाव टाइप केलेलं. पहिल्या आठवड्यात ते ती रोज पुसायची. तरी आईच्या माफीचे महिने ती मोजतच होती. अजून दोन वर्षं चार महिने. अजून दोन वर्षं. अजून सात महिने. "नाव मिळालं, पण आग विझली नाही," असं तीच म्हणते. "धग जरा कमी झाली. पूर्वी मी तिच्या खुर्च्या मोजायची, नंतर नुसते महिने."

पाच वर्षं संपली. आईनं पहिल्यांदा कर भरला आणि साठवलेली वजावट वापरूनही तो तिला इतका बोचला, की ती पावती घेऊन काकूकडे कुरकुर करायला आली. काकूनं चहा केला. दोघी मागच्या बाजूला बसल्या. आई म्हणाली, "ताई, तुम्ही इतकी वर्षं हे कसं भरत आलात?"

आणि काकूनं सांगितलं. "ती तक्रार मी केली होती."

आईनं चहा संपवला. कप मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि निघून गेली.

आठ महिने ती काकूशी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर समोरच्या फुटपाथवर जायची. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "रंग कळत नाहीत असं लिहिलं होतं ना तिनं? तेव्हाच मला संशय आला होता, इतकं खरं उगाच कोण लिहितं!" आईला त्यावर हसू आलं नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि दोन्ही घरांत जायचे. काकूला मी विचारलं, "आता कशाला सांगितलंस? कोणाला कळलं नसतं."

"तिनं मला ताई म्हटलं ना," ती म्हणाली, "कसं भरत आलात म्हणून. मी मोठी असल्यासारखं. मला ते सहन झालं नाही."

आठव्या महिन्यात आईकडे एक उंच पाठीची जुनी खुर्ची आली, दोन्ही बाजूंना पंख असलेली. तिच्या पाठीचे पट्टे तिसऱ्यांदा सैल पडले. आईनं एक दिवस ती एकटीनं, उचलत, ओढत, सहा गाळे आणली आणि काकूच्या टेबलासमोर धापकन ठेवली. ना नमस्कार, ना काही.

"हा पट्टा धरत नाहीये," एवढंच ती म्हणाली.

काकूनं खुर्ची पालथी घातली, आत हात घातला. "आतली फळी चिरलीय. पट्टा बिचारा काय धरेल?" आई तोपर्यंत उभी होती. मग तिनं स्टूल ओढलं आणि बसली. दोघींनी मिळून फळी बदलली. त्या दिवशी त्यांच्यात लाकडाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलणं झालं नाही.

आज दोन्ही दुकानं आहेत, वेगवेगळी, वेगवेगळ्या पाट्यांची. मोठं काम आलं तर वाटून घेतात. आई काकूला अजून ताई म्हणते, पण पूर्वी कपाटाच्या किल्ल्या जशा बिनदिक्कत तिच्याकडे ठेवायची तशा आता ठेवत नाही, आणि काकू मागत नाही. परवा एका वाचनालयाच्या खुर्च्या दोघींनी मिळून केल्या. आईनं केलेली खुर्ची काकूनं उजेडात नेली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि आईला म्हणाली, "सरळ आहे हो."

आई आपल्या दुकानात परत गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"माझ्याइतकी नाही," ती म्हणाली.